कोकणात उतारावर सांस्कृतिक केंद्र बांधायचंय? आधी जमीन ओळखा, नकाशा नंतर

गावात सांस्कृतिक केंद्र बांधायचं ठरलं की पहिल्यांदा काय होतं, तर जेसीबी येतो. उतार असेल तर तो कापून सपाट करतात, त्यावर आरसीसीचा चौकोनी हॉल, वर पत्रा, समोर पेव्हर ब्लॉक, झालं केंद्र. मग पहिल्याच पावसात मागची कापलेली दरड खाली येते, पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात भजन ऐकू येत नाही, मे महिन्यात आत बसवत नाही आणि दशावतार (रात्रभर चालणारं लोकनाट्य) शेवटी बाहेर मांडव घालूनच करावा लागतो. हे सगळं टाळता येतं आणि खर्च न वाढवता टाळता येतं, फक्त कामाचा क्रम उलटा करायचा. आधी जमीन, मग पाणी, मग खळं (पुढचं अंगण), आणि इमारत सगळ्यात शेवटी. मी हे तळकोकणाबद्दल लिहितोय, सिंधुदुर्ग आणि दक्षिण रत्नागिरीचा जांभा (तांबडा भोकाभोकांचा दगड), सडा (त्याचं वरचं सपाट पठार) आणि सड्याच्या उतारावरच्या वाड्या डोळ्यासमोर ठेवून. देशावर काळ्या मातीत यातलं बरंच काही जसंच्या तसं चालणार नाही.

तर जमिनीखाली काय आहे ते बघा. वर जांभ्याचा कडक थर असतो, त्याच्याखाली मऊ चिकण मातीचा पांढरट-जांभळट थर, आणि त्याच्याही खाली मूळ खडक. जांभ्याला भोकं भोकं असतात त्यामुळे पाऊस त्यातून सरळ खाली उतरतो, चिकण मातीवर येऊन अडतो आणि मग आडवा सरकत सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतो. कितीतरी वाड्या याच झऱ्यांच्या आधाराने वसल्यात. आता नेमकी हीच रेघ, जिथे जांभा संपतो आणि माती सुरू होते, तिथे तुम्ही उतार कापलात तर काय होईल सांगा? ओली चिकण माती घसरते आणि वरचा जांभा तुकड्या-तुकड्यांनी खाली येतो, मग कितीही मोठी काँक्रीटची भिंत घाला, मागून पाण्याचा दाब येतच राहतो. म्हणून झऱ्यांची रेघ सापडल्याशिवाय नकाशाला हात लावायचा नाही. ती कागदावर सापडत नाही. जुलैमध्ये चार दिवस पाऊस लागला की छत्री घेऊन जागेवर जायचं, पाणी कुठून फुटतंय, कुठे नुसतं वाहतंय, कुठे साचतंय ते बघत फिरायचं आणि तिथल्या तिथे खुंट्या ठोकायच्या. तीच जागा मे महिन्यात परत बघायची, कारण मेमध्येही जिथे गवत हिरवं आहे तिथे खाली ओल आहे, तिथे पाया नको. आणि शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना प्रत्येक व्हाळाचं (ओढ्याचं) जुनं पात्र माहीत असतं, आत्ता बुजलेलं असलं तरी.

जागा वर सड्यावरची असेल तर आणखी एक काम आहे आणि ते खरंच मनापासून करा. कातळशिल्पं आहेत का ते बघा. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, सिंधुदुर्गात कुडोपी, अशा ठिकाणची कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पण यादीत नसलेली कितीतरी आहेत आणि माती-गवताखाली झाकलेलीही असतात. कशेळीचा हत्ती १५ मीटरपेक्षा मोठा आहे, तरी शेजारी उभं राहिलं की पटकन कळत नाही इतक्या त्या रेषा उथळ. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरकं असताना फिरा तेव्हा रेषा उठून दिसतात, भर दुपारी काही दिसत नाही. एखादी संशयास्पद खाच दिसली तरी तिथे मशीन थांबवायचं आणि जाणकारांना बोलवायचं. आपण संस्कृतीसाठी इमारत बांधतोय आणि त्या पायात हजारो वर्षांपूर्वीचं चित्र फुटलं, याहून वाईट काय असणार. शिवाय सड्यावर ट्रकभर लाल माती आणून लॉन करायचा मोह होतो, तोही नको. पावसाळ्यात तिथे सीतेची आसवं, गेंद असली रानफुलं त्या इंचभर मातीतच येतात, वर भराव टाकला की ती गेली.

आता उताराची मापं. मोठ्या प्रोजेक्टला टोटल स्टेशनचा (मोजणीच्या यंत्राचा) सर्व्हे करून घ्याच, पण त्याच्या आधी स्वतः पाण्याच्या लेव्हल ट्यूबने मापं घ्या, गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी. एक माणूस एका टोकाला, दुसरा दुसऱ्या टोकाला, दोघांच्या काठीवर एकाच उंचीवर खूण, पाण्याची पातळी दोन्हीकडे खुणेवर आली की ते दोन बिंदू समान उंचीवर. असे बिंदू जोडत फक्की मारत गेलं की अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या समान उंचीच्या रेघा जमिनीवर प्रत्यक्ष उमटतात. एक दिवसाचं काम आहे पण त्याने जे कळतं ते कॉम्प्युटरवर कळत नाही, कारण त्या पांढऱ्या रेघा झाडांना वळसे घालत जाताना दिसतात आणि कुठे जमीन आपणहून सपाट होतेय, कुठे वाटीसारखी खोलगट आहे ते चालता चालता लक्षात येतं. इमारतीच्या लांब भिंती या रेघांना समांतर ठेवायच्या. आडव्या गेल्या की एका टोकाला खणा, दुसऱ्या टोकाला भराव, आणि भरावावरचा पाया दोन-तीन पावसाळ्यांत बसतो नि भिंतीला तडा जातो.

यानंतर इथे नक्की काय होणार याचा विचार. 'बहुउद्देशीय सभागृह' हा शब्द सोडून द्या आणि कलाप्रकार एकेक करून घ्या. दशावताराला मोठा रंगमंच लागत नाही, एक बाकडं मांडलं की ते सिंहासन होतं, पण मागून आणि लोकांच्या मधून येण्याजाण्याची वाट लागते, संकासुर (त्यातलं राक्षसाचं पात्र) काय फक्त विंगेतून येणार का? डबलबारीला, म्हणजे भजनाच्या सामन्याला, दोन बाऱ्या समोरासमोर बसतात, प्रत्येकाचा पखवाज, झांजा, कोरस, म्हणजे चौथरा कमीत कमी ९ मीटर रुंद तरी हवा. जाखडी नाचाला गोल फेर धरायला सपाट जागा लागते आणि लोक चहूबाजूंनी उभे राहतात. नमनालाही (तेही कोकणातलं लोकनाट्यच) मोकळं अंगणच बरं. म्हणजे यातलं जवळजवळ सगळं खळ्यात होतं, हॉलमध्ये नाही. माझं स्पष्ट मत आहे की खळं हेच केंद्र आणि इमारत ही त्या खळ्याची पडवी. आपल्या घरांचीही रचना तीच आहे, पुढे खळं, मग पडवी, मग ओटी, मग माजघर, बाहेरचा माणूस कुठपर्यंत आला हे त्यावरून ठरतं. केंद्रालाही हेच लावा. खळं सगळ्यांना कायम उघडं, पडवीत बसून तालीम बघता येईल, ओटीवर वाचनालय किंवा प्रदर्शन, आणि कुलूप लागेल ते फक्त आतल्या खोल्यांना. आणि गावाचा जुना मांड (उत्सवाची ठरलेली जागा) किंवा पालखीची सहाण (पालखी टेकवायचा चौथरा) असेल तर ती तिथेच राहू द्या, केंद्राने ती जागा घ्यायला जाऊ नये. मानकऱ्यांशी आधीच बोला.

बसण्यासाठी उतार वापरायचा तर हिशेब सोपा आहे. मांडी घालून बसणाऱ्या माणसाला साधारण ६० सेंटिमीटर रुंदी आणि ९० सेंटिमीटर खोली लागते. ३०० माणसं म्हणजे १६० चौरस मीटर, मधल्या वाटा धरून २००. जमीन सहाला एक या प्रमाणात उतरत असेल तर ९० सेंटिमीटरच्या पायरीला १५ सेंटिमीटर चढ मिळतो, बसलेल्या माणसाला पुढच्याच्या डोक्यावरून दिसायला तेवढा पुरतो, फार खणावं लागतच नाही, दर ९० सेंटिमीटरवर एक चिऱ्याची (जांभ्याच्या कापलेल्या दगडांची) ओळ बसवली की झालं. चाराला एक असेल तर २२ सेंटिमीटर, उत्तम. दोनाला एक इतका खडा उतार असेल तर पायरी ४५ सेंटिमीटरची होते, पाय सोडून बसता येतं पण म्हाताऱ्या माणसांना चढता येत नाही, मग मध्ये वेगळ्या निम्म्या उंचीच्या पायऱ्यांची पाखाडी द्या आणि खालच्या पातळीला व्हीलचेअर नेता येईल अशी एक वळणाची वाट द्या, तिचा उतार बाराला एकपेक्षा जास्त नको.

पडीक चिऱ्याची खाण जवळ असेल तर मी तर म्हणेन दुसरी जागाच बघू नका. खाणीत सरळ उभ्या कापलेल्या भिंती असतात, टप्पे असतात, खाली सपाट तळ असतो, म्हणजे अर्धं थिएटर आयतं. दोन गोष्टी मात्र तपासा. एक म्हणजे पाणी, काही खाणी तुळशीच्या लग्नापर्यंत भरलेल्या असतात आणि आपला दशावताराच्या खेळांचा सीझन तिथूनच सुरू होतो, तेव्हा तळातून बाहेर पडणारा चर काढता येतो का ते बघा, नसेल तर खालचा भाग तळं म्हणून ठेवा आणि रंगमंच वरच्या टप्प्यावर घ्या. दुसरं आवाज. समोरासमोरच्या दोन उभ्या भिंतींमध्ये टाळी वाजवून बघा, टर्र्र असा थरथरता प्रतिध्वनी आला तर झांजेचा आवाज तिथे असह्य होईल. एका भिंतीच्या पुढे तिरका गडगा (सुक्या दगडांची बुटकी भिंत) रचला, त्यावर वेली सोडल्या की फरक पडतो. खाणीच्या कडेला कठडा हवाच, आणि सुट्टे चिरे आधी काढून टाका.

उघड्या खळ्याची दिशा ठरवताना दिवसाच्या कार्यक्रमात प्रेक्षकांच्या डोळ्यांवर मावळतीचं ऊन येता कामा नये, म्हणजे रंगमंच पश्चिमेला नको. वाऱ्याचं मात्र जागेवर जाऊनच बघा. संध्याकाळी समुद्राकडून येणारा वारा रात्री पडतो आणि उशिरा जमिनीकडून उलटा वाहायला लागतो, दशावतार तर रात्रभर चालतो, त्यामुळे थंडीत रात्री दहाला आणि पहाटे परत, अशा दोन वेळेला एकाला खाली गायला लावून दुसऱ्याने शेवटच्या ओळीत बसून ऐकावं. माइकशिवाय शब्द कळला तर जागा जिंकली.

पाण्याचं काम इमारतीच्या आधी. बसायच्या उताराच्या वरच्या अंगाला एक चर हवा, वरून येणारं पाणी बाजूने वळवून व्हाळाला सोडणारा. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला तर १००० चौरस मीटरवरून सेकंदाला २८ लिटर पाणी येतं, हातभर रुंद नि हातभर खोल चिऱ्याचा चर थोड्या उताराने काढला तर ते आरामात जातं, पण कोणीतरी दर वैशाखात त्यातला पाला काढायला हवा, ते काम कोणाचं हे आत्ताच लिहून ठेवा. टप्पे अडवायला गडगे सुक्या चिऱ्यांचे, सिमेंट न घालता, म्हणजे पाणी झिरपून जातं. मीटरभर उंचीपर्यंत गावातला गडगे घालणारा माणूस उत्तम करतो, तळाला उंचीच्या निम्मी तरी रुंदी, आणि भिंत किंचित मागे कललेली. त्याहून उंच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही.

भोपाळचं भारत भवन हे कला केंद्र एकदा बघून या, बघणं जमलं नाही तर त्याचा छेदनकाशा तरी बघा. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी केलेलं, १९८२ मध्ये सुरू झालं. शामला टेकडीच्या उतारावर, समोर मोठा तलाव. रस्त्यावरून आलं की इमारत अशी दिसतच नाही, गच्च्या आणि पायऱ्या दिसतात, त्या उतरत उतरत आपण खाली चौकांत जातो आणि त्या चौकांच्या बाजूने रूपंकर या कलासंग्रहालयाची दालनं, अंतरंगचं नाट्यगृह, कवितेसाठी वागर्थ, आणि बहिरंग हे तलावाकडचं उघडं थिएटर. वरून खाली उतरत जाण्याची ही कल्पना आपल्या उताराला फार छान बसते. पण एक लक्षात घ्या, भोपाळला वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे तीन हजारांच्या वर. ते खोल चौक आणि सपाट गच्च्या इथे जशाच्या तशा केल्या तर जूनमध्ये तळी होतील. तर उतरत जाणं घ्या, पण प्रत्येक चौकाची एक बाजू उताराकडे उघडी ठेवा आणि वर कौलारू छप्पर घाला. दुसरं बघण्यासारखं पणजीचं कला अकादमी, तेही कोरियांचंच, मांडवीच्या काठावर. खाली पसरलेलं, पर्गोलाखालचा (उघड्या पट्ट्यांच्या छताखालचा) प्रवेशभाग मोकळा, तिकीट नसलं तरी माणूस आत शिरून नदीपर्यंत जाऊ शकतो. गावातल्या केंद्राला हा मोकळेपणा सगळ्यात महत्त्वाचा आहे, वॉचमन आणि गेट आलं की बायका-पोरं यायची बंद होतात.

भिंती चिऱ्याच्याच. चिरा ताजा कापलेला असताना जरा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, म्हणून खाणीतून आणला नि लगेच लावला असं करू नका, रचून वाळू द्या. हातोडीने ठोकून बघा, खणखणीत वाजला तर चांगला, भद्द वाजला किंवा त्यात पांढऱ्या-पिवळ्या मातीचे गोळे जास्त दिसले तर तो आतल्या भिंतीला. भारतीय मानकात जांभ्याच्या चिऱ्याला किमान ताकद ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आणि पाणी शोषणं १२ टक्क्यांपर्यंत असं दिलंय, मोठं काम असेल तर लॅबमध्ये तपासून घ्या, खर्च किरकोळ असतो. खाणी पावसात बंद असतात, त्यामुळे माल मार्च-एप्रिलमध्येच टाकून घ्या. बाहेरून सिमेंटचं प्लास्टर नको, ओल आत अडकते आणि काही वर्षांत पोपडे सुटतात, नुसत्या दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरा. मातीच्या भिंती कराव्याशा वाटत असतील तर आतल्या करा, आणि चौथरा चांगला गुडघाभर उंच हवा. पायासाठी जे खणाल त्यातली लाल माती त्याच भिंतींना आणि जमीन चोपायला वापरा, जागेतून एक ट्रक माती बाहेर जाता कामा नये आणि बाहेरून एक ट्रक आत येता कामा नये, हा नियम ठेवला की आराखडा आपोआप उताराला धरून होतो.

छप्पर तीस अंशांचं, मंगलोरी कौलांचं, आणि पुढे मीटरभर तरी निघालेलं, कारण आपला पाऊस सरळ पडतच नाही, नैऋत्येकडून तिरका झोडपतो. त्या बाजूला पडवी किंवा कोठारं द्या, मोठ्या खिडक्या नकोत. हॉलला खांब नको असतील तर लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे), दहा मीटरपर्यंत सहज जातात. कैच्या भिंतीला बोल्टने घट्ट बांधा आणि कडेच्या नि आढ्याच्या कौलांच्या ओळी तारेने किंवा चुन्या-सिमेंटने पक्क्या करा, ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात किती छपरं उडाली ते सगळ्यांनी बघितलंय. छपराच्या १०० चौरस मीटरवर वर्षाला तीन लाख लिटर पाणी पडतं, त्यातलं पाऊस संपता संपताचं टाकीत भरून घेतलं तर सीझनभर स्वच्छतागृहाची सोय होते. शोषखड्डा मात्र विहिरीच्या वरच्या अंगाला कधीच नाही, जांभ्यातून पाणी कुठे कुठे जातं त्याचा भरवसा नाही.

रंगपटाबद्दल (कलाकारांच्या रंगभूषेच्या खोलीबद्दल) थोडं थांबून बोलायला पाहिजे, कारण याकडे कोणी बघतच नाही. दशावतारातले कलाकार स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतात, एका हातात छोटा आरसा, समोर रंगाच्या डब्या, पेटारा उघडा, आणि डोक्यावर एकच बल्ब, त्याची सावली नेमकी डोळ्यांखाली पडते. आरशाच्या दोन्ही बाजूंना उभे दिवे द्या, बसून रंगवता येईल अशी बुटकी ओटी द्या, रंग धुवायला नळ, उतरवलेला मुकुट ठेवायला रुंद फळी, लुगडी टांगायला बांबू. पहाटे दहीकाला होऊन खेळ संपल्यावर दोन तास झोपायला जागा. बायका कलाकारांसाठी वेगळी खोली, आतून कडी असलेली. याला खर्च काहीच नाही पण मंडळं पुढच्या वर्षी त्यामुळे परत येतात. वाद्यांची खोली पावसाळ्याचा विचार करून, बाहेरच्या भिंतीला न लागणारी आणि शक्यतो माळ्यावर, कारण दमट हवेत पखवाजाची शाई आणि चामडं दोन्ही बिघडतं, पेटीचे सूर अडकतात. पिंगुळी गावासारखी चित्रकथीची (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची) परंपरा जवळ असेल नि जुनी चित्रं ठेवायला मिळणार असतील तर कागदाला याहून जास्त जपावं लागेल, ती खोली तज्ज्ञाला विचारूनच करा.

झाडं इथलीच. समुद्राजवळ वाऱ्याला अडवायला उंडी, खळ्याच्या कडेला बकुळ, खाली ओलीत रातांबे (कोकम), आणि एखादी सुरंगी नक्की लावा, शिमग्याच्या सुमाराला फुलते. ऑस्ट्रेलियन बाभूळ नको. आहे ती झाडं नकाशावर आधी टाका आणि आराखडा त्यांच्यामधून काढा.

पैसे टप्प्याटप्प्याने येणार हे गृहीत धरून कामाची फोड करा. सात-बारा, जमिनीचा बिगरशेती वापर (एनए), ग्रामपंचायत, खाडीजवळ असेल तर सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम), हे पहिल्या पावसाळ्याच्या निरीक्षणाबरोबरच सुरू करा म्हणजे वेळ फुकट जात नाही. दिवाळी झाली की चर, गडगे, खळं चोपून सारवणं, बसायच्या ओळी, स्वच्छतागृह आणि रंगपट. एवढ्यावर त्याच सीझनला जत्रेनंतरचा एखादा खेळ मांडव घालून करून बघा. लोक कुठून आत येतात, गाड्या कुठे लावतात, चहावाला कुठे उभा राहतो, पोरं कुठे झोपतात, हे सगळं लिहून काढा आणि हॉलचा नकाशा त्यानंतरच पक्का करा, पुढच्या पावसाळ्यात इंजिनिअरकडून डिझाइन, आणि पाऊस उघडला की पाया.